शॉर्ट श्रिफ्ट : घाईत उरकलेलं शेवटचं बोलणं

इंग्रजी वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्याच्या नजरेखालून ‘शॉर्ट श्रिफ्ट’ हा शब्दप्रयोग अधूनमधून जातोच. विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांना सरकारने शॉर्ट श्रिफ्ट दिली. अंदाजपत्रकात प्राथमिक शिक्षणाला शॉर्ट श्रिफ्ट मिळाली. वकिलाने मोठ्या आशेने मांडलेल्या मुद्द्याला न्यायमूर्तींनी शॉर्ट श्रिफ्ट दिली. अर्थ संदर्भावरून लागतो : ऐकल्या-न ऐकल्यासारखं करून बाजूला सारणं, पुरतं लक्ष न देता निकालात काढणं. ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड, थोडका, हे शाळकरी पोरही सांगेल. ‘श्रिफ्ट’ म्हणजे काय, हे मात्र ज्यांची मायबोली इंग्रजी आहे अशांनाही चटकन सांगता येत नाही. कारण हा शब्द या जोडीबाहेर आता जवळजवळ कुठे भेटतच नाही. जोडीतला एक शब्द रोजच्या राबत्यातला, आणि दुसरा पाचशे वर्षांपूर्वीच्या एका धार्मिक विधीचं नाव. त्या विधीला लोक किती जपत होते हे कळलं, की या साध्या वाटणाऱ्या शब्दप्रयोगात केवढी क्रूर गोष्ट दडली आहे ते लक्षात येतं.

गोष्ट लंडनच्या टॉवरमधली आहे. तारीख 13 जून 1483, वार शुक्रवार. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड दोन महिन्यांपूर्वी, 9 एप्रिलला वारला होता. गादीचा वारस पाचवा एडवर्ड, वय वर्षं 12. त्याचा काका रिचर्ड, ग्लॉस्टरचा ड्यूक, राज्याचा कारभार पाहत होता. मुलाच्या राज्याभिषेकाची तयारी ठरवायला म्हणून टॉवरमध्ये सल्लागारांची बैठक बोलावली होती. तिथे विल्यम हेस्टिंग्ज होता. आपल्या इतिहासात येणारा वॉरन हेस्टिंग्ज तो हा नव्हे. तो पुढे तीनशे वर्षांनी आला. हा हेस्टिंग्ज म्हणजे मेलेल्या राजाचा जिवाभावाचा मित्र, दरबारातला वजनदार माणूस, आणि राजाच्या मुलाशी इमान राखून असलेला.

त्या सकाळचं वर्णन टॉमस मोर या इंग्रज लेखकाने लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. नऊच्या सुमाराला रिचर्ड बैठकीत आला तो हसतमुखाने. उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली. ईलीचा बिशप जॉन मॉर्टन समोर होता, त्याला म्हणाला, तुमच्या होबर्नच्या बागेत स्ट्रॉबेरी छान येतात म्हणे, आमच्यासाठी थोड्या मागवा की. बिशपने लगेच माणूस पिटाळला. मग रिचर्ड जरा वेळ बाहेर गेला. दहा-अकराच्या दरम्यान परत आला तेव्हा त्याचा चेहरा पार बदललेला. कपाळावर आठ्या, दातांखाली ओठ. बसला आणि विचारता झाला, माझ्या जिवावर उठलेल्यांना काय शिक्षा द्यावी? हेस्टिंग्ज म्हणाला, राजद्रोह्याला देतात ती. रिचर्डने सांगितलं की हे काम राजाच्या विधवेचं आणि शोर नावाच्या माणसाच्या बायकोचं. दोघींनी करणी करून आपला हात वाळवला. बाही वर करून त्याने हातही दाखवला. हेस्टिंग्जने जपून उत्तर दिलं की, त्यांनी तसं केलं असेल तर त्या शिक्षेला पात्र आहेत. त्या ‘तर’वर रिचर्ड भडकला. टेबलावर मूठ आपटली, बाहेरून ‘दगा, दगा’ असा ओरडा झाला आणि हत्यारबंद शिपाई आत घुसले.

पुढचा भाग आपल्या विषयाचा. रिचर्डने हेस्टिंग्जला फर्मावलं, पाद्र्याला गाठ आणि तुझी पापकबुली लवकर उरक. तुझं शिर पाहिल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही. हेस्टिंग्जने हाताला लागला तो पाद्री धरला. ना ओळखीचा, ना नेहमीचा. त्याच्यापाशी त्याने आपलं आयुष्य दोन-चार वाक्यांत सांगून टाकलं, कारण जास्त वेळ मिळणारच नव्हता. वर जेवणाची घाई चालली होती. मग त्याला चॅपलजवळच्या हिरवळीवर नेलं. तिथे बांधकामासाठी आणलेला एक ओंडका पडला होता. त्यावर मान ठेवायला लावून शिर उडवलं. खटला नाही, पुरावा नाही, साक्षीदार नाहीत. त्या घाईच्या कबुलीला मोरने जे शब्द वापरले ते हेच : शॉर्ट श्रिफ्ट.

मोरच्या लिखाणावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. 1483 मध्ये तो जेमतेम पाच वर्षांचा होता. पण लहानपणी तो ज्या घरी चाकरीला राहिला, ते घर याच जॉन मॉर्टनचं. स्ट्रॉबेरी मागवणारा हा बिशप त्या बैठकीत हजर होता आणि त्याच दिवशी पकडलाही गेला होता. स्ट्रॉबेरीसारखा बारकावा त्याच्याच तोंडून मोरपर्यंत आला असावा, असं मला वाटतं. उलट हात वाळल्याची गोष्ट टिकत नाही. रिचर्डचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टर शहरात, मोटारी उभ्या करायच्या एका आवाराखाली सापडला. पाठीचा कणा वाकलेला होता, हात मात्र धड होते. तेव्हा सगळं जसंच्या तसं घडलं असं समजू नये. हेस्टिंग्जला चौकशीविना घाईने मारलं, यावर मात्र इतिहासकारांत फारसा वाद नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस रिचर्डने गादी घेतली. छोटा राजा आणि त्याचा भाऊ टॉवरमध्येच होते. नंतर ते कोणाला दिसले नाहीत.

मोरचं स्वतःचं पुढे काय झालं, तेही इथे सांगायला हवं. आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला त्याने नकार दिला, म्हणून 6 जुलै 1535 रोजी टॉवर हिलवर त्याचाही शिरच्छेद झाला. त्या दिवशी पहाटे राजाचा निरोप घेऊन एक ओळखीचा गृहस्थ त्याच्या कोठडीत आला. निरोप असा की वधस्तंभापाशी फार बोलू नये, अशी राजाची इच्छा आहे. मोरला लोकांसमोर काही सांगायचं होतं. त्याने ते थोडक्यात आटोपलं. हेस्टिंग्जची आखूड कबुली ज्याने कागदावर उतरवली, त्याच्याही शेवटच्या बोलण्याला राजाज्ञेने कात्री लागली.

मोरचा मजकूर पुढच्या बखरकारांनी उचलला. हॉल आणि होलिन्शेड यांच्या इतिहासांतून तो शेक्सपिअरच्या हाती आला. ‘रिचर्ड द थर्ड’ नाटक 1597 मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं, आणि त्यात हाच प्रसंग रंगवताना शेक्सपिअरने तेच दोन शब्द रिचर्डच्या हस्तकाच्या तोंडी घातले. हा हस्तक हेस्टिंग्जला सांगतो की ड्यूकसाहेबांना जेवायला जायचंय, तेव्हा लवकर आवर. बहुतेक कोश या शब्दप्रयोगाचं जनकत्व शेक्सपिअरला देतात. मान मोरला द्यायला हवा.

आता श्रिफ्टकडे वळू. पापकबुली ऐकून पाद्र्याने प्रायश्चित्त सांगायचं आणि क्षमा द्यायची, या संपूर्ण विधीला जुन्या इंग्रजीत श्रिफ्ट म्हणत. शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘लिहिणे’ या धातूत आहे. डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनचं मूळही तेच. कोणत्या पापाला कोणतं प्रायश्चित्त, किती दिवस उपास, किती प्रार्थना, याचे हिशेब पाद्र्यांच्या पोथ्यांत लिहिलेले असत. पाद्री ते ‘लिहून देई’, म्हणून श्रिफ्ट. रोमच्या लॅटरन राजवाड्यात 1215 मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने तर नियमच केला की, जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या पाद्र्यापाशी पापकबुली द्यावी.

याला वेळ लागत असे, आणि तो लागावा अशीच अपेक्षा होती. माणसाने गुडघे टेकून बसायचं. आठवून आठवून सांगायचं : कोणाला फसवलं, कोणाचं वाईट चिंतलं, कोणाचं देणं बुडवलं. पाद्री मध्येमध्ये विचारत असे, कारण माणूस स्वतःशीसुद्धा लपवाछपवी करतो. पश्चात्ताप खरा आहे असं दिसलं की मगच क्षमेचे शब्द. मरणाऱ्यासाठी तर हा शेवटचा हिशेब. तो चुकता न करता गेलेल्या जिवाला पुढे अनंत यातना आहेत, असं श्रीमंतांपासून मजुरांपर्यंत सगळे मनापासून मानत. म्हणूनच फाशी जाणाऱ्या दरोडेखोरालाही पाद्री मिळे. शरीराला शिक्षा करायचा हक्क राजाला होता, आत्म्याची वाट अडवायचा नव्हता. रिचर्डने हेस्टिंग्जची मान घेतली, आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्या परलोकाचा वेळही छाटला. त्या काळच्या वाचकाला धक्का बसे तो याचा.

शेक्सपिअरच्या नाटकांत ही भीती जागोजागी आहे. हॅम्लेटच्या बापाचं भूत आपल्या खुनाइतकंच या गोष्टीने तळमळतं की मरण्याआधी विधी करायला आपल्याला सवड मिळाली नाही. आणि तोच हॅम्लेट पुढे रोझनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न या दोघा जुन्या सोबत्यांच्या मरणाचा बनावट हुकूम लिहितो, तेव्हा कबुलीला लागणारा वेळसुद्धा त्यांना देऊ नका असं बजावतो. बापावर झालेला अन्याय पोराने दुसऱ्यांवर केला. हॅम्लेटला नुसता हळवा राजपुत्र समजणाऱ्यांनी हे पत्र नीट वाचायला हवं. ‘मेझर फॉर मेझर’मध्ये नेमकं उलटं घडतं. बार्नर्डीन नावाचा एक कैदी, सकाळी फाशी द्यायला आलेल्यांना सांगतो की मी रात्रभर पीत होतो, आज मरायच्या तयारीत नाही. आणि तो दटून बसतो. पाद्र्याच्या वेशातला ड्यूक कबूल करतो की या अवस्थेत याला मारणं पाप ठरेल. बार्नर्डीनची फाशी टळते.

गंमत अशी की शेक्सपिअर हे लिहीत होता तेव्हा इंग्लंडमधून श्रिफ्ट हद्दपार होत चालली होती. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये रोमशी नातं तोडलं. पाद्र्याच्या कानात सांगायची कबुली त्याने लगेच मोडीत काढली नाही, पण त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत तिची सक्ती गेली. एलिझाबेथ राणीच्या काळात, 1585 च्या कायद्याने, परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या कॅथलिक पाद्र्याने इंग्लंडात नुसतं राहणंही राजद्रोह ठरला. चोरून कबुली ऐकायला आलेले पाद्री धनिकांच्या वाड्यांत भिंतीमागच्या खबदाडात लपत. सापडले तर फासावर जात.

याच इंग्लंडमधून निघालेला एक तरुण 1579 मध्ये गोव्याला पोहोचला. त्याचं नाव टॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला तो फादर स्टीफन्स म्हणून ठाऊक आहे, ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा. मायदेशात जो विधी करताना पकडला गेला असता तर जिवाला मुकला असता, तो विधी त्याने साष्टीत उघडपणे आणि इथल्या भाषेत केला. ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. गोव्यात श्रिफ्टला पोर्तुगीजवरून आलेला ‘कुमसार’ हा कोंकणी शब्द आहे, आणि तो आजही चर्चमध्ये रोजच्या वापरात आहे. इंग्लंडात शब्द विधीपासून तुटला. इथे दोन्ही एकत्र राहिले.

इंग्रजीत श्रिफ्टचं एक भावंड तेवढं दिनदर्शिकेत तग धरून आहे : श्रोव्ह ट्यूजडे. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आदल्या दिवशी लोक कबुली देऊन मोकळे होत, आणि घरातली अंडी-लोणी संपवायला पॅनकेक करत. बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावात त्या दिवशी बायका तव्यावर पॅनकेक उडवत धावण्याची शर्यत लावतात. कबुलीची घंटा ऐकून हातातल्या तव्यासकट चर्चकडे धावलेल्या एका बाईची गोष्ट तिथे सांगतात. गोव्यातला कार्निव्हल, म्हणजे इंत्रुज, याच दिवसांत येतो.

मधल्या काळात शब्दप्रयोग बराचसा झोपी गेला. पण शेवटची घाई मात्र इंग्लंडात चक्क कायद्यात शिरली. 1752 पासून खुन्याला शिक्षा सुनावल्यावर एक दिवस सोडून फाशी द्यावी असा दंडक आला; मध्ये रविवार आला तरच एखादा दिवस वाढे. दहशत बसावी हा हेतू. 1836 पर्यंत हे चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर स्कॉटने जुन्या सरदारांच्या कथा लिहिताना ‘शॉर्ट श्रिफ्ट’ पुन्हा वापरात आणली. तिथे ती अजून खऱ्या वधाशीच बांधलेली होती. त्याच शतकात पुढे वध गळून पडला. उरलं ते एवढंच की कोणाला तरी बोलायचं होतं आणि वेळ दिला गेला नाही.

या प्रवासात वाक्याचा कर्ता बदलला, आणि मला या शब्दप्रयोगाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. मोर आणि शेक्सपिअर यांच्याकडे आखूड कबुली ‘करतो’ तो मरणारा. हुकूम रिचर्डचा, पण क्रियापद हेस्टिंग्जच्या माथी. जणू घाई त्यानेच केली. आजच्या इंग्रजीत शॉर्ट श्रिफ्ट ‘देतो’ तो अधिकाराच्या जागेवर बसलेला, आणि ‘मिळते’ ती समोर उभ्या असलेल्याला. आता वाक्यच सांगतं की वेळ कोणी कापला. वर्षं उलटता उलटता शब्द बोथट होतात असं आपण धरून चालतो. इथे शब्दाचा रोख अधिक नेमका झाला आहे.

म्हणूनच याचा अर्थ ‘नाकारणे’ असा लावणं चूक. नीट ऐकून, विचार करून दिलेला नकार म्हणजे शॉर्ट श्रिफ्ट नव्हे. मागणी शेवटी मान्य झाली असली, तरी ती मांडणाऱ्याला बोलू दिलं नसेल तर त्याला शॉर्ट श्रिफ्टच मिळाली. तक्रार निकालाबद्दल नसते, सुनावणीबद्दल असते. इंग्रजीत तुच्छतेचे इतर शब्दप्रयोग आहेत, पण त्यांचा रोख निराळा. ‘कोल्ड शोल्डर’ देतात ती माणसाला : ओळख असून न दाखवणं, पाठ फिरवणं. एखाद्या प्रस्तावाला ‘पूह-पूह’ करतात तेव्हा त्याची टर उडवलेली असते. शॉर्ट श्रिफ्टमध्ये टर नसते, रागही असेलच असं नाही. असते ती घाई, आणि समोरच्याचं म्हणणं आपल्या वेळाच्या लायकीचं नाही ही खात्री. माणसाला, कल्पनेला, विषयाला, अगदी एखाद्या शतकालाही ती देता येते. पाठ्यपुस्तकात मध्ययुगाला शॉर्ट श्रिफ्ट दिली आहे, असं समीक्षक लिहितात.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जातं ते ‘बोळवण करणे’. पूरग्रस्तांची तुटपुंज्या रकमेवर बोळवण केली, शिष्टमंडळाची आश्वासनावर बोळवण केली, असं आपण लिहितो. या शब्दाचंही तसंच झालं आहे. लग्नानंतर मुलीची बोळवण होते, गौरींची बोळवण होते. ओटी भरून, वेशीपर्यंत सोबत जाऊन, पुन्हा या म्हणत निरोप दिला जातो. ज्या विधीत सगळा जीव वेळ देण्यात होता, त्याचंच नाव वाटेला लावण्याला पडलं. ‘केराची टोपली दाखवणे’ हे वर्तमानपत्रांचं लाडकं, पण त्यात नकार आहे. घाई तितकीशी नाही. भाषांतर करताना मी ‘बोळवण’ आधी चाचपून पाहतो. ती बसत नसेल तर सरळ लिहावं : नीट ऐकूनच घेतलं नाही.

आणि ज्या मूळ गोष्टीपासून हे सुरू झालं, ती गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. फाशीची शिक्षा झालेल्याला शेवटी किती वेळ मिळावा, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. शत्रुघ्न चौहान खटल्यात 21 जानेवारी 2014 रोजी न्यायालयाने सांगितलं की, दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस जाऊ द्यावेत. कारणंही दिली. त्याला मनाची तयारी करता यावी, देवाशी शांतपणे बोलता यावं, मृत्युपत्र करता यावं, घरच्यांना शेवटचं भेटता यावं. न्यायमूर्तींनी श्रिफ्ट हा शब्द वापरण्याचं कारण नव्हतं. पण ओंडक्यापाशी हेस्टिंग्जला जे मिळालं नाही, त्याची ती यादी आहे.

वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. शब्दात ‘र’ आहे. ‘शॉर्ट शिफ्ट’ असं पुष्कळ जण म्हणतात आणि छापतातही. पाळीचा कामगार वेळेआधी सुटला तर ती शॉर्ट शिफ्ट. हा शब्द वेगळा. आणि ‘देणे’ या क्रियापदासोबत आजच्या इंग्रजीत आधी ‘अ’ हे उपपद बहुधा लावत नाहीत. शेक्सपिअरच्या पात्राच्या तोंडी ते आहे, कारण तिथे एक खरीखुरी कबुली व्हायची होती, मोजता येण्याजोगी, एकच.